काठ खाणारा टीव्ही

"खाल्ला! आज पुन्हा खाल्ला! प्रमोद, ये इकडं! पाय, तुह्या टीव्हीनं माहा काठ खाल्ला!"

सकाळचे साडेआठ वाजले होते. तांडापेठेतल्या आमच्या गल्लीच्या बरोब्बर मधोमध, प्लास्टिकच्या खुर्चीवर, नथ्थूजी पौनीकर बसले होते. मांडीवर बिनवायरचा कीबोर्ड, शेजारच्या स्टुलावर पाट, पाटावर माउस. पायात रबरी चपला, कारण करंटचा भरवसा नाही. आणि नजर समोर, स्वतःच्याच घराच्या उघड्या दारातून आत, पार आतल्या भिंतीवर टांगलेल्या त्रेचाळीस इंची टीव्हीवर. दूधवाला त्यांना डावीकडून वळसा घालून गेला, भाजीची गाडी उजवीकडून. नथ्थूजींनी दोघांकडेही पाहिलं नाही. त्यांचा आवाज असा की गोळीबार चौकातला सिग्नल घाबरून आपोआप लाल होतो, असं मी लोकांना सांगतो. लोक मान डोलावतात, कारण त्यांनी तो आवाज ऐकलेला आहे.

तो टीव्ही माझा नव्हता. माझा म्हणजे मी विकलेला. एकोणीस वर्षं मी सीताबर्डीच्या एका दुकानात टीव्ही विकतो आहे. आजवर विकलेले टीव्ही एकावर एक रचले, तर सगळ्यात वरच्या टीव्हीवर उभं राहून मौद्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मोजता येतील. पण गल्लीचा कायदा वेगळा. लेक दिली की तिच्या हातून फुटलेल्या प्रत्येक कपाचा जाब जसा माहेरला विचारतात, तसा टीव्ही विकला की त्याच्या प्रत्येक गुन्ह्याचा जाब मला.

आता, माणूस टीव्हीवर मालिका पाहतो, मॅच पाहतो. नथ्थूजी टीव्हीवर साडीचे काठ पाहत. म्हणजे काढत.

पौनीकर तीन पिढ्यांचे विणकर. टसरच्या साडीला करवतीसारखे दात असलेला काठ असतो ना, तो त्यांच्या घरचा हात. पण त्यांच्या घरात कोणी काठ कधी कागदावर उतरवला नाही. बापाच्या बोटांतून मुलाच्या बोटांत, एवढाच प्रवास. असे तेवीस काठ नथ्थूजींकडे आले, आणि मग माग बंद पडला. नथ्थूजींनी पुढची वीस वर्षं एका शाळेत चपराशी म्हणून घंटा वाजवली. हात घंटेला लागले, काठ डोक्यात राहिले. त्यांची मुलगी वैशाली लग्न होऊन रायपूरला गेली, तेव्हा तिचा कॉम्प्युटर मागे राहिला. जाण्याआधी तिनं बापाला चौकोनांचा तक्ता कसा रंगवायचा ते शिकवलं. एक चौकोन म्हणजे एक धागा.

"डोक्यातलं डोक्यातच राहिलं तं माह्यासंगं जळन," नथ्थूजी म्हणायचे. ही त्यांची खरी भीती. बाकीच्या भीत्या त्यांनी हौसेनं पाळल्या होत्या.

त्या बाकीच्याही काही कमी नव्हत्या. कॉम्प्युटरला व्हायरस लागतो हे कळल्यावर त्यांनी सीपीयूच्या जाळीवर कडुनिंबाचा पाला बांधला. पडद्यावर 'अपडेट' आलं की ते हात वर करून उभे राहायचे, दरोडेखोर आल्यासारखे. "मले न विचारता हे काहून बदलून राहिलं?" केलेलं काम ते एकदा सेव्ह करून थांबत नसत. सात वेळा करायचे, आणि सातव्या वेळी बायकोला, म्हणजे काकूंना, साक्षीला बोलवायचे. काम संपलं की टीव्हीवर काकूंचं जुनं लुगडं टाकायचे. "त्याले डोळा असते म्हणते. आपण जेवत असतो, आपल्याच ताटाकडं पाहून राहायचा."

आधी त्यांच्याकडे साधा छोटा मॉनिटर होता. त्यावर काठ काढणं म्हणजे "पोस्टकार्डावर लुगडं विनल्यासारखं", म्हणून मीच त्यांना सुचवलं: काकाजी, टीव्ही घ्या, तीन वर्षांची वॉरंटी, एक केबल लावा, टीव्हीच मॉनिटर. ते माझं वाक्य मला किती महागात पडलं ते आता सांगतो.

पहिल्याच आठवड्यात आरोप आला. काठात चव्वेचाळीस दात काढले, दिसतात चाळीस. चार गेले कुठं? मी दुकानदाराला शोभेलसं हसलो. "काकाजी, टीव्ही काय दात खाते का?" मग मोजले. चाळीस. पुन्हा मोजले. चाळीस! खालच्या कोपऱ्यातलं घड्याळही अर्धं गायब. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीला घाम फुटला. नंतर कळलं की टीव्हीला एक जुनी खोड असते: चित्र जरासं फुगवायचं आणि कडा चौकटीमागं ढकलायच्या. मालिकेत कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथं कडेला पडदे आणि फुलदाण्या असतात. विणकराच्या घरी मात्र कड म्हणजेच सगळं. रिमोटच्या पोटात खोल कुठंतरी एक सेटिंग होतं, ते बदललं, आणि चारही दात परत आले. नथ्थूजींनी मला तर्री-पोह्यांच्या दोन बशा चारल्या.

पण बातमी गल्लीत पसरली ती पसरलीच. पौनीकरांचा टीव्ही कडेचं खातो! पुढं कोणी लग्नाचे फोटो मोठे करून पाहायला त्यांच्याकडे आणले की आधी मोजणी व्हायची. आमच्या गल्लीत तेव्हापासून ग्रुप फोटोत कडेला कोणी उभं राहत नाही. सगळी माणसं नवरीच्या मांडीवर बसायला पाहतात.

वर्षभर सगळं ठीक चाललं. नऊ काठ उतरले. दहाव्याला यंदाच्या उन्हाळ्यात हात घातला, आणि टीव्ही पुन्हा खायला लागला.

या वेळी तो हळूहळू खात होता. आधी उजवीकडचे दोन दात. मग डावीकडचा एक. मी धावत गेलो, सेटिंग पाहिलं. बरोबर. केबल बदलली. दात मोजले. चव्वेचाळीस.

"काकाजी, पुरे हायेत."

"मले छत्तीस दिसून राहिले."

मला वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतो आहे. मी टीव्हीपाशी गेलो आणि पडद्याच्या उजव्या टोकाला बोट ठेवलं. "हा काय मंग?"

"कोन? कुठं?"

"इथं! माह्या बोटाखाली!"

नथ्थूजींनी मान वळवली आणि एकदम ओरडले, "आला! पाय, पाय! चालूगिरी पाय त्याची! आपण नाई पायलं का खाते, अन् आपण पायलं का परत आनून ठेवते!"

खरं सांगतो, माझ्या पाठीतून थंडगार काहीतरी गेलं. भर मे महिन्यात, नागपुरात! दुसऱ्या दिवशी दुकानात भिंतीवर चाळीस टीव्ही एकाच वेळी एकच नदी दाखवत होते. मी समोरच्या टीव्हीकडे पाहिलं की मला वाटायचं, कडेचे टीव्ही गुपचूप काहीतरी गिळत आहेत. मी झटकन मान वळवायचो. ते साळसूद चेहऱ्यानं नदी दाखवायचे. एका गिऱ्हाइकानं मालकाला विचारलं, "तुमचा सेल्समन असा काहून दचकून राहिला?"

मी नथ्थूजींना म्हटलं, मेकॅनिक आणतो, टीव्ही उघडून पाहतो.

त्यांनी कीबोर्ड बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "मेकॅनिक काय म्हनन?"

"टीव्ही चांगला हाय म्हनन."

"मंग नको."

आणि त्यांनी स्वतःच उपाय काढला: खुर्ची मागं घ्यायची. पडद्यापासून पाच हातांवर बसायचे, ते मागच्या भिंतीला टेकले. "इथून पुरा दिसते." पंधरा दिवसांनी भिंतीपासून उंबऱ्यात आले. मग छपरीत. मग पायरीवर. जाब विचारला की म्हणायचे, "रेडिएशन असते गा." मी हिशेब केला होता: या वेगानं दिवाळीला ते कामठीला पोचतील आणि दुर्बीण लावून टायपिंग करतील. हा विनोद मी गल्लीत किमान साठ जणांना सांगितला. सगळे हसले. खुर्ची गल्लीत आली तेव्हाही हसले.

त्याच दिवसांत काकूंनाही काहीतरी झालं. पार्वताकाकू म्हणजे मुलखाच्या अबोल. चाळीस वर्षांच्या संसारात त्या चाळीस वाक्यं बोलल्या असतील, त्यातली तीस "जेवाले चला". त्या अचानक धावतं वर्णन करायला लागल्या. "मी इथं बसली हो. आता उठून राहिली. पानी आनून राहिली. तुमच्या उजव्या हाताले ठेवला गिलास." क्रिकेटची कॉमेंट्री परवडली! आणि नथ्थूजींचं दर पाच मिनिटांनी चालूच: "हायेस का वं?"

"हाव, हाय. भाजी निवडून राहिली."

"हायेस का वं?"

"हाय ना! जातो कुठं!"

म्हातारपणी नवरा संशयी झाला आणि बायको बडबडी, असा निकाल गल्लीनं दिला. निकालपत्र माझ्याच हातचं. मी वाईट माणूस नाही, पण हातात गोष्ट आली की मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर, ती सकाळ. "काठ खाल्ला!" म्हणून हाक आली, मी दात घासता घासता बाहेर आलो. तोंडात फेस होता, नाहीतर मी आधीच ओरडलो असतो. कारण गल्लीच्या तोंडाशी एक ई-रिक्षा वळली होती. हिरवीगार. समोरच्या काचेवर लाल गोंडे. आमची गल्ली सरळ, मधे झाड नाही, खांब नाही. त्या रिक्षाला आवाज नसतो म्हणा, पण ती दिसत होती. मला दिसत होती, भाजीवाल्याला दिसत होती, कुत्र्याला दिसली, तो उठून बाजूला झाला.

नथ्थूजी समोर टीव्हीकडे पाहत होते. रिक्षा त्यांच्या डाव्या हाताला वीस पावलांवर आली. मग दहा. रिक्षावाल्याला वाटलं, म्हातारा पाहतो आहे, उठेल. मी फेस थुंकला आणि ओरडलो. नथ्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. रिक्षाकडे नाही.

रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला तरी चाक खुर्चीच्या पायाला लागलंच. खुर्ची लवंडली, कीबोर्ड चाकाखाली गेला, नथ्थूजी बाजूला पडले. फार लागलं नाही. कोपर खरचटलं.

"काकाजी, दिसून नाई राहिलं का?" रिक्षावाला उडी मारून खाली उतरला. "सरळ रस्त्यानं तं येऊन राहिलो ना मी!"

नथ्थूजी जमिनीवर बसल्या बसल्या त्या हिरव्या रिक्षाकडे पाहत राहिले. चाकापासून छपरापर्यंत, एखादी वस्तू आकाशातून पडल्यासारखे. "हे कुठून आलं?" ते म्हणाले. ओरडून नाही. त्यांचा तो बारीक आवाज गल्लीनं पहिल्यांदा ऐकला.

मी काकूंकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण नवल अजिबात नव्हतं. त्या आत गेल्या, पायांत चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "चला आता. पुरे झालं. प्रमोद, तू बी चाल."

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता?"

"नाई," नथ्थूजी म्हणाले.

"मामाजीले होता," काकू सासऱ्यांबद्दल म्हणाल्या. "शेवटी शेवटी माग हातानं चाचपून विनत. कडेपासून दिसनं गेलतं त्यांचं."

नथ्थूजी कोपरावरची धूळ झटकायला लागले.

मग एक तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या अर्ध्या घागरीसारखं एक यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडं एकटक बघायचं. आजूबाजूला कुठंही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभा होतो. बटण वाजायला लागलं. खट्. खट्. खट्. एका तालात, एका अंतरानं. मी लहानपणी याच माणसाच्या मागाचा आवाज ऐकत झोपलो आहे. तोच ताल होता.

यंत्रावरच्या मुलीनं थांबवलं. "काकाजी, दिवा लागला नाही तरी तुम्ही बटण दाबून राहिले."

"असन ना कुठंतरी," नथ्थूजी म्हणाले.

"दिसला तरच दाबायचं."

"अन् नाई दिसला तं?"

"तं नाही दाबायचं."

पुन्हा सुरू झालं. खट्. मग काही नाही. मग खूप वेळ काही नाही. मी आयुष्यात बरंच काही ऐकलं आहे, त्यातलं बरंच मीच रचलेलं आहे. पण त्या खोलीत न वाजणारं बटण ऐकताना मला जी भीती वाटली, ती मला कुणाला रंगवून सांगता येणार नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, दाबा हो काकाजी. खोटं का होईना, दाबा.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. एक गोल, भोवतीनं सगळं काळं, मधे एवढंसं पांढरं. नथ्थूजींनी तो कागद हात लांब करून धरला, कापड पारखायला धरतात तसा, आणि मान हलवत सगळ्या बाजूंनी पाहिला.

"लुगडं थोडं अन् काठच लय झाला, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. राहिलं आहे ते सांभाळता येईल, पण रोज थेंब घालायचे, एक दिवस चुकवायचा नाही, आणि दर तीन महिन्यांनी यायचं.

"चौदा काठ राहिले हायेत," नथ्थूजी म्हणाले. "तेवढं पुरन का?"

डॉक्टरांना काय कळणार! ते म्हणाले, "थेंब चुकवू नका."

बाहेर बाकावर आम्ही चिठ्ठीची वाट पाहत बसलो. नथ्थूजी समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "हायेस का वं?"

काकू त्यांच्या डाव्या बाजूला, वीतभर अंतरावर बसल्या होत्या. पाच महिने अखंड बोलणाऱ्या काकू या वेळी काही बोलल्या नाहीत. त्या उठल्या, दोन पावलं चालून त्यांच्या बरोब्बर समोर आल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, खाली फरशीवर मांडी घालून बसल्या. नर्स म्हणाली, बाई, वाटेत नका बसू. काकू हलल्या नाहीत.

नथ्थूजी त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "टीव्हीच्या बाजूले बसते तू भाजी निवडत. पाच हातावरून टीव्ही दिसे तं तू नाई दिसे. तू दिसली तं टीव्ही नाई. मागं सरकलो का दोघंबी येत."

"माहीत हाय मले," काकू म्हणाल्या आणि नर्सनं पुढं केलेली डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीकडे गेल्या. जाताना सवयीनं बोलल्या, "मी रांगेत उभी राहून राहिली हो."

बाकावर आम्ही दोघंच राहिलो. काहीतरी चांगलं बोलावं असं मला फार वाटत होतं. पण मी जन्माचा दुकानदार. तोंडातून तक्रारच बाहेर पडली.

"काकाजी, तुमाले माहीत होतं ना?"

"हाव."

"पहिलेपासून?"

"हाव."

"मंग पाच महिने माह्या टीव्हीले काहून शिव्या दिल्या?"

नथ्थूजींनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि समोर पाहत म्हणाले,

"टीव्हीले वॉरंटी होती."